डाव्या खुर्चीतल्या माणसाला टोकताना

सर्व संबंधितांस, आणि ज्यांचा काही संबंध नाही त्यांसही, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की गेल्या हिवाळ्यात गारखेड्यातल्या एका राहत्या घराच्या हॉलमध्ये एक प्रवासी विमान वारंवार कोसळलं. जीवितहानी झाली नाही. एक स्टूल कायमचं निकामी झालं, शोकेसमधल्या चिनी मातीच्या हत्तीची सोंड गेली, आणि विमानाचे कप्तान बरेच दिवस कंबर धरून वाकून चालत होते. कप्तान मी होतो. घटनेची चौकशी माझ्या बायकोनं केली आणि अहवाल स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून, हातातली पळी न ठेवता, तोंडी सादर केला.

आता नीट सांगतो.

मी कापडवाला. गुलमंडीत आमचं दुकान आहे, आजोबांपासूनचं. पांढऱ्या गादीवर मांडी घालून बसायचं, तागा हवेत भिरकावून गिऱ्हाइकाच्या पुढ्यात उलगडायचा आणि तोंड चालू ठेवायचं, एवढंच मला येतं. त्यातलं शेवटचं जरा जास्तच येतं असं माझ्या पाठीमागं म्हणतात. समोरही म्हणतात. विमानाशी माझा संबंध चिकलठाण्याच्या विमानतळावर पाहुण्यांना सोडून यायचं, एवढाच.

माझी भाची मात्र विमानाची. थोरल्या बहिणीची मुलगी. त्यांचं घर पडेगावला, रस्त्याला लागून, मागं शेत. शाळेला सुट्टी लागली की ती आमच्याकडे यायची आणि दिवसभर दुकानात गादीच्या कडेला बसून घड्या घालायची. पुढं तिनं विमान शिकायचं ठरवलं तेव्हा दाजींना वाटलं, पोरगी विमानात चहापाणी देणार. खरं कळल्यावर ते कितीतरी दिवस ज्याला त्याला सांगत होते, "चालवणार म्हणे. म्हणजे पुढं बसून." ती शिकली, परवाना मिळवला, एका कंपनीत को-पायलट म्हणून निवडलीही गेली, आणि अगदी उंबऱ्यावर येऊन अडकली.

हा उंबरा म्हणजे सिम्युलेटर. एक मोठी पेटी, पोलादी पायांवर उभी. आत हुबेहूब विमानाचा पुढचा भाग. पेटी हलते, डुलते, काचेबाहेर ढग आणि धावपट्टी दिसते, आणि आतल्या माणसाला खरोखर आपण आभाळात आहोत असं वाटतं. खऱ्या विमानात खऱ्या माणसांना घेऊन उडण्याआधी या पेटीत परीक्षा होते. त्या परीक्षेत भाची नापास झाली. त्यांच्या भाषेत नापास म्हणत नाहीत, काहीतरी लांबलचक आणि सभ्य म्हणतात. अर्थ तोच. आणखी एकच संधी होती. ती हुकली तर कंपनी तिला नारळ देणार होती, आणि अशा मुलीला दुसरी कंपनी सहज दारात उभं करत नाही.

मधले दिवस काढायला ती पडेगावला न जाता आमच्याकडे आली. तिथं गेलं तर सगळी आळी येऊन विचारणार, विमान आमच्या शेतावरून कधी नेतेस. आली ती बॅग ठेवून, पाणी पिऊन लगेच कामाला लागली. विमानाच्या पुढच्या भागाचं मोठं चित्र तिच्याकडे होतं, सगळी बटणं, सगळे काटे खऱ्या मापाचे. ते तिनं आमच्या कपाटाच्या दारावर चिकटवलं. माझ्या बायकोनं विचारलं, कपाट उघडायचं झालं तर. ती म्हणाली, "मामी, आठ दिवस कपाट बंद." माझ्या घरात बायकोला असं सांगणारं दुसरं कुणी मी पाहिलेलं नाही, त्यामुळे पोरगी भित्री आहे असं निदान त्या दिवशी कुणी केलं असतं तर मी हसलो असतो.

नापास कशात झालीस, असं विचारल्यावर तिनं जेवताना मला समजावलं. तळहात आडवा धरला आणि म्हणाली, हा पंख. वारा पंखाच्या पाठीला चिकटून वाहतो तोवर विमान तरंगतं. वेग कमी झाला आणि नाक वर वर करत गेलं, की एका क्षणी वारा पंखाला सोडून जातो. इंजिन चालू असतं, दिवे चालू असतात, पण पंख पंख राहत नाही, नुसता पत्रा होतो. याला स्टॉल म्हणतात.

"मग काय करायचं?"

"नाक खाली करायचं."

"पडतंय तर आणखी खाली?"

"व्हय मामा, तिथंच सगळी गोम आहे. जमीन समोर दिसते आणि हात आपोआप वर ओढतात. ओढलं की मेलो. खाली ढकललं की वारा परत पंखाला धरतो, वेग येतो, मग हळूच वर घ्यायचं."

मोठ्या मोठ्या अनुभवी वैमानिकांचेही हात अचानक घाबरले की वर ओढतात, म्हणाली. म्हणून विमान आधी इशारा देतं. हातातला दांडाच थडथडायला लागतो, घुर्रर्र आवाज करत. झोपलेला माणूस खडबडून उठेल असा.

मी म्हटलं, पण हल्ली विमान आपलं आपण चालतं ना. तिनं मान हलवली. ऑटोपायलट लई गुणी असतो, पण घुमा. वेग कमी व्हायला लागला तर तो तक्रार करत नाही. ठरलेली उंची सोडायची नाही म्हणून गुपचूप नाक वर करत राहतो. वैमानिक निवांत. आणि अगदी गळ्याशी आलं की एक घंटी वाजवून सगळं विमान तुमच्या मांडीवर टाकतो, घ्या, मला होत नाही.

"आपल्या इन्व्हर्टरसारखा," बायको पोळी वाढत म्हणाली. "लाइट कधी गेली कळू देत नाही. टीव्ही चालू, पंखा चालू. आणि मग एकदम ठार अंधार."

भाची तिच्याकडे बघतच राहिली. असं त्यांच्या वर्गात कुणी सांगितलं नव्हतं म्हणे. मी त्या क्षणी जरा नाराज झालो, कारण उपमा द्यायचं खातं आमच्या घरात माझ्याकडे आहे.

असो. दुसऱ्या दिवशी सकाळी हॉलमध्ये विमान बांधलं. कपाटासमोर दोन बैठका: डावीकडे कप्तानाला स्टूल, उजवीकडे को-पायलटला खुर्ची. दांड्यांसाठी मी दुकानातून पुठ्ठ्याच्या दोन नळ्या आणल्या, ज्यांच्यावर कापड गुंडाळून येतं त्या. प्रत्येकानं आपल्या नळीचं बूड पायांत दाबून धरायचं. भाचीनं सांगितलं की त्यांच्या विमानात दोन्ही दांडे आतून जोडलेले असतात, एकानं ओढला की दुसऱ्याचाही हलतो. म्हणून दोन्ही नळ्यांना आडवी मीटरपट्टी बांधली, अस्तराच्या चिंधीनं. थडथडीचा प्रश्न बायकोनं सोडवला. कमरेला मालिश करायचं एक यंत्र मी एका प्रदर्शनातून हौसेनं आणलं होतं आणि कधी वापरलं नव्हतं. ते तिनं भाचीच्या नळीला करकचून बांधलं. बटण दाबलं की नळी अशी घुर्रर्र करायची की शेजारच्यांनी एकदा येऊन विचारलं, बोअरवेल घेताय का.

ऑटोपायलट बायको झाली. खाली सतरंजीवर मेथी निवडत बसायची आणि मधूनमधून शांतपणे सांगायची, "वेग उतरतोय." थोड्या वेळानं, "अजून उतरतोय." आणि शेवटी जुडी बाजूला टाकून, "घ्या, सोडलं मी." मग यंत्राचं बटण.

पहिल्यांदा भाचीनं स्वतः विमान चालवायचा सराव केला. त्यात खोट काढायला जागा नव्हती. घुर्रर्र झालं की नळी पुढं, पंख सरळ, इंजिनाला हवी तेवढी ताकद, आणि तोंडानं एकेक गोष्ट मोठ्यानं. मी टाळ्या वाजवल्या. ती म्हणाली, हे मला येतंच, याच्यात मी नापास नव्हते झाले. मी ज्याच्यात अडकले ते वेगळं आहे.

परीक्षेत म्हणे डाव्या खुर्चीत जे कप्तान बसतात ते स्वतःच तपासनीस. ते मुद्दाम चुकतात. वेग उतरत असतो आणि ते बघत नाहीत. को-पायलटनं एकदा सांगायचं. ऐकलं नाही तर पुन्हा सांगायचं. तरीही कप्तान वर ओढत असतील, तर ठणकावून "आय हॅव कंट्रोल" म्हणायचं आणि विमान हातात घ्यायचं. समोरचा कितीही मोठा असो. नियम पाठ होता तिला. पण तिकडे दांडा थडथडायला लागला, पांढऱ्या केसांचे ते कप्तान सावकाश दांडा वर ओढत राहिले, आणि हिच्या तोंडून एकदा बारीक आवाजात वेगाचं निघालं, पुढं काही निघालं नाही. पेटीतलं विमान पेटीतल्या जमिनीवर आदळलं.

मी स्टुलावर बसलो. "चल. आज मी तुझा कप्तान."

तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून सांगतो. मला भूमिका मिळाली की मी ती अर्धवट करत नाही. मी बायकोचा जुना गॉगल लावला. प्रवाशांना उद्देशून हिंदीत एक भाषण केलं, त्यात खाली डाव्या हाताला देवगिरीचा किल्ला दाखवला. बायको म्हणाली, वेग उतरतोय. मी किल्ल्याचाच इतिहास सांगत राहिलो. अजून उतरतोय. भाची म्हणाली, "मामा, जरा वेग..." मी हात हलवून गप्प केलं. घ्या, सोडलं. घुर्रर्र. मी नळी पोटाशी ओढली. मीटरपट्टीमुळे तिचीही नळी मागं आली. ती नळीकडे बघत बसली, मग माझ्याकडे, आणि मग ती खोकली.

विमान पडलं. आता विमान पडल्यावर कप्तानानं नुसतं बसून राहणं मला पटेना, म्हणून मी स्टुलासकट आडवा झालो. स्टूल गेलं ते याच वेळी. हत्तीची सोंड दुसऱ्या उड्डाणात गेली. भाची प्रत्येक वेळी नळी उभी करायची, ओठ घट्ट मिटायची आणि म्हणायची, "परत." माझी कंबर म्हणत होती, पुरे. ती म्हणत होती, परत. आणि प्रत्येक वेळी त्याच जागी येऊन एकदा बारीक आवाजात बोलायची, आणि मग खोकायची.

तेव्हा स्वयंपाकघराच्या दारात पळी घेऊन चौकशी अधिकारी उभ्या राहिल्या.

"तिथंही खोकलीस का गं?"

भाची विचारात पडली. मग म्हणाली, हो. घसा खवखवत असेल असं वाटलं. सरांनी नंतर पाण्याची बाटलीपण दिली.

"घसा कशाचा खवखवतोय," बायको म्हणाली. "हे दुकानातलं आहे."

आणि मी जमिनीवर होतो तिथंच बसून राहिलो, कारण ते खरं होतं.

आमच्या दुकानात एक रीत आहे. गादीवर मोठा माणूस गिऱ्हाइकाशी बोलत असला की धाकट्यानं त्याला टोकायचं नाही. चुकत असला तरी. गादीवरचे दोघं दोन गोष्टी बोलले की गिऱ्हाईक दोघांवरचा विश्वास काढून घेतं आणि चपला घालतं. माझे वडील एकदा एका जांभळ्या कापडाला अख्खी दुपार निळं म्हणत होते, आणि आम्ही भावंडं ते जांभळं कापड निळं म्हणून दाखवत होतो, निळं म्हणून घडी घालत होतो. फारच झालं तर एक मुभा होती. खोकायचं. मोठ्या माणसाला कळायचं की काहीतरी बिनसलंय, तो आपणहून बघायचा, आणि त्याचा मान राहायचा. गिऱ्हाईक गेल्यावर मागच्या खोलीत काय ते बोलायचं. मी हे वडिलांकडून शिकलो, आणि गादीच्या कडेला घड्या घालणारी ती लहान पोरगी माझ्याकडून शिकली. तिला कुणी शिकवलं नव्हतं. दर सुट्टीत ती ते बघत होती. आणि घड्या घालायला जशी शिकली तसंच खोकायलाही शिकली.

विमानात मागची खोली नसते. बोलायचं ते आत्ता, नाहीतर नाहीच.

मला वाटलं ती रडेल. तिनं यंत्राची वायर गुंडाळली आणि म्हणाली, "उद्यापासून मी दुकानात येते. तिथं शिकले ना, तिथंच मोडते. तुम्ही मुद्दाम चुका. मी गिऱ्हाइकासमोर टोकणार."

"माझ्या गादीवर?"

"तुमच्या गादीवर."

बायको हसत आत गेली. मी मात्र रात्रभर, खरं सांगायचं तर, खुशीत होतो. मुद्दाम चुकायची उघड परवानगी आयुष्यात कुणाला मिळते?

दुकानात पहिला दिवस फुकट गेला. मी पोपटीला मोरपंखी म्हणालो. ती खोकली. मी सुती कापड पाण्यात टाकल्यावर आटायचंच नाही अशी शपथ घेतली. ती खोकली. मी खणाला चक्क धोतर म्हणालो, तेव्हा ती इतकी खोकली की गिऱ्हाईक बाईंनी पर्समधून खडीसाखर काढून तिच्या हातावर ठेवली आणि मला म्हणाल्या, आजारी लेकराला कशाला आणता दुकानात. भाची लाल झाली. संध्याकाळी स्कूटरवर मागं बसून म्हणाली, "मामा, होत नाय."

"का होत नाय?"

"कारण मला माहिती आहे तुम्ही नाटक करताय. बोलले तर तुम्ही आतून खूशच होणार. मग त्यात काय बोलायचं?"

मी म्हटलं, मग तिकडचे सरही नाटकच करतात. ती म्हणाली, त्यांचं नाटक दिसत नाही. तुमचं अख्ख्या गुलमंडीला दिसतं. नटाला यापेक्षा कडू अभिप्राय मिळाला असेल असं मला वाटत नाही. 

दुसऱ्या दिवशी मी ठरवून नाटक बंद केलं आणि धंदा केला. लग्नसराई होती, गर्दी चांगली होती. दुपारी एक बाई आल्या, सोबत त्यांच्या सासूबाई. लेकीच्या लग्नासाठी दुपट्टा शिवायचा होता. त्यांच्याकडे घरातलं एक जुनं कापड होतं, हिमरूचं, म्हणजे आमच्याकडच्या रेशीम-सुती विणीचं, सासूबाईंच्या निकाहमधलं. दोन्ही कडांना बुट्टी, मधे फिका आंबा रंग. त्या रंगाशी जुळणारं रेशीम हवं होतं. असं काम आलं की माझ्या अंगात येतं. मी सगळं रॅक खाली काढलं. हे बघा, ते बघा. प्रत्येक तागा उडवला, त्यांचं कापड मधोमध पसरलं, माझी रेशमं त्याच्यावर टाकली, आजोबांच्या काळातल्या एका वरातीची गोष्ट सुरू केली. सासूबाई गालातल्या गालात हसत होत्या. सून म्हणाली, हाँ, येइच, दो मीटर दे दो. मी मीटरपट्टी लावली, कात्री उचलली, गोष्ट सुरूच. वरातीतला घोडा आता नेमका सराफ्यात शिरला होता आणि मी सासूबाईंच्या डोळ्यांत बघत होतो, कात्रीकडे नव्हे.

कापड आम्ही सबंध कापत नाही. कडेला कात्रीनं एक चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी टर्रकन फाडायचं. एकदा चीर गेली की संपलं.

माझ्या डाव्या हाताशी भाची खोकली. मी ऐकलं, आणि सवयीनं खाली न बघता गोष्ट जरा आवरती घेतली. कात्रीचं तोंड उघडलं.

तिनं माझं मनगट धरलं.

"थांबा. ते त्यांचं आहे."

पुढ्यातल्या ढिगात माझं रेशीम खाली गेलं होतं आणि मीटरपट्टी लागली होती ती त्यांच्या हिमरूवर. कात्रीच्या दोन पात्यांमधे सासूबाईंचा निकाह होता.

 सासूबाईंनी झटकन आपलं कापड ओढून छातीशी धरलं आणि म्हणाल्या, "भाईसाब, ये तो हमाराच है." आणि मला, देवाशपथ सांगतो, आधी सुटका वाटली नाही. आधी राग आला. कानाच्या पाळ्या तापल्या. माझ्या गादीवर, गिऱ्हाइकासमोर, माझा हात धरला. वडिलांचा असा हात आमच्यापैकी कुणी कधी धरला नव्हता. मी भाचीकडे ज्या नजरेनं बघितलं ती नजर नाटकातली नव्हती. तिनं मनगट सोडलं नाही. दुसऱ्या हातानं तिनं माझ्या बोटांतून कात्री काढून घेतली, खाली ठेवली, त्यांच्या कापडाची घडी घालून त्यांच्या मांडीवर दिली, माझं रेशीम शोधून वर घेतलं, मोजलं आणि चीर दिली. सून म्हणाली, ये बच्ची को दुकान दे दो. त्या गेल्या. जाताना सासूबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. माझ्या नाही.

मी पाणी प्यालो. घोडा सराफ्यातच राहिला.

"आता खरं चिडलात ना?" भाचीनं विचारलं.

"हो."

"लई?"

"लई."

तिनं मोठा श्वास सोडला. "तुमचा चेहरा असा होतो हे मला माहितीच नव्हतं. मी उगीच एवढी वर्षं काहीतरी फार भयंकर समजत होते."

 तेव्हा कळलं की हिला मी शिकवतोय ते उलटं होतं. तिला चूक करणारा मामा नको होता. चिडणारा मामा हवा होता, आणि त्याच्या चिडण्यानंतरही दुपारचा चहा येतो, हे बघायचं होतं. चहा आला. दोघांनी प्याला.

त्यानंतरचे दिवस माझ्यासाठी फार वाईट गेले. पोरीनं मला एक वाक्य पुरं करू दिलं नाही. मी दुकानात अस्तराचा पन्हा, म्हणजे रुंदी, चुकीचा सांगितला, तिनं टोकलं. घरी शेजाऱ्यांना माझ्या तरुणपणीचा सायकलचा किस्सा सांगत होतो, ती मधेच म्हणाली, मागच्या वेळी सायकल दुसऱ्याची होती. जेवताना भाजीत मीठ कमी आहे म्हणालो, तर म्हणाली, तुम्ही अजून खाल्ली कुठं. बायकोला एवढी करमणूक लग्नानंतर पहिल्यांदाच मिळत होती. मी प्रत्येक वेळी चिडायचो, आणि खरा चिडायचो, त्यासाठी मला काही करावं लागत नव्हतं. सकाळी मात्र मी न चुकता नळी पोटाशी ओढून बसायचो. यंत्र घुर्रर्र करायचं. आता ती एकदा सांगायची, दुसऱ्यांदा मोठ्यानं सांगायची, आणि तिसऱ्यांदा "आय हॅव कंट्रोल" म्हणत मीटरपट्टीसकट दोन्ही नळ्या अशा पुढं ढकलायची की मी कपाटावर आदळायचो. मग म्हणायची, "परत." खोकला कुठं गेला कुणास ठाऊक.

चिकलठाण्याला तिला सोडलं. तिनं वाकून नमस्कार केला, बॅग उचलली, सरळ आत गेली. मला हात हलवायला आवडतं, मी बराच वेळ हलवला. तिनं मागं वळून पाहिलं नाही. बायको म्हणाली, बरोबर आहे, पुढं बघणाऱ्या माणसानं मागं कशाला बघायचं.

परीक्षेच्या दिवशी बायकोनं मला घरात बसू दिलं नाही, म्हणून मी गादीवर येऊन बसलो. फोन मांडीवर. गिऱ्हाईक आलं की दाखवत होतो, पण तोंड चालत नव्हतं. एका बाईंनी विचारलं, तब्येत बरी आहे ना. एक कापड मागितलं तर दुसरं काढलं, आणि टोकायला कडेला कुणी नव्हतं. दुपारी पुढ्यात अख्खं कुटुंब बसलेलं, नवरीचा बस्ता, चार तागे उलगडलेले, आणि फोन वाजला. मी तसाच उठलो, अनवाणी रस्त्यावर आलो. बस्त्याचं गिऱ्हाईक सोडून आमच्या गादीवरून आजवर कुणी उठलेलं नाही.

गाड्यांच्या हॉर्नमधून तिचा आवाज आला. पास, मामा. पहिलं तेच सांगितलं, मला ताटकळत न ठेवता, जे मी तिच्या जागी कधीच केलं नसतं. मी तिथंच एका पानवाल्याच्या बाकड्यावर बसलो. मग तिनं सगळं सांगितलं.

तेच पांढऱ्या केसांचे सर होते. ऑटोपायलट गुपचूप नाक वर करत राहिला, काटा उतरत गेला. तिनं वेगाचं सांगितलं. सरांनी मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत राहिले. तिनं पुन्हा सांगितलं, मोठ्यानं. घंटी वाजली, ऑटोपायलटनं सोडलं, दांडा थडथडायला लागला, आणि सरांनी ओढला वर. तिनं ठणकावून "आय हॅव कंट्रोल" म्हटलं आणि दांडा पुढं ढकलला. नियमाप्रमाणे सरांनी तिथं सोडायला हवा होता. सरांनी सोडला नाही. उलट तिच्याकडे बघून चढ्या आवाजात विचारलं, तुला कुणी सांगितलं हात लावायला. दांडे जोडलेले. ती ढकलते, ते ओढतात, आणि समोरच्या काचेत जमीन मोठी होत चाललेली.

"मग?"

मग तोंडातून निघालं, म्हणाली. ठरवून नाही. मराठीतून निघालं. सर तिकडचे, दक्षिणेतले, त्यांना मराठीचा एक शब्द येत नाही, पण त्यांनी चटका बसल्यासारखे दोन्ही हात काढले. नाक खाली गेलं, वेग आला, तिनं विमान सावकाश सरळ केलं. बाहेर आल्यावर सरांनी तिचा हात हातात घेतला आणि म्हणाले, मागच्या वेळची मुलगी ही नव्हे. मग जरा संकोचून त्यांनी विचारलं, ते शेवटचं तू मला नक्की काय म्हणालीस? तिनं त्यांना काहीतरी गुळमुळीत सांगून वेळ मारून नेली.

मला मात्र खरं सांग, मी म्हटलं. ती हसायला लागली. दुकानाच्या दारातून बस्त्याचं अख्खं कुटुंब माझ्याकडे बघत होतं. सिम्युलेटरच्या त्या पेटीत, पाठीमागं एक बंद दार आणि वायरींखेरीज काही नसताना, आमची पोरगी कंपनीच्या सगळ्यात मोठ्या कप्तानावर ओरडली होती:

"ओ मामा, सोडा की ते आता, मागं माणसं बसलीत!"